पाकिटावर नाव नसलेल्या सहा जणी

विजू,

तुला जाऊन आज बारा दिवस झाले. गटातले सगळे म्हणाले, सुनंदाताई, विजूवर तुम्हीच लिहा, तुमचीच तिच्याशी जवळीक होती. मी दोनदा लिहायला बसले, आणि दोन्ही वेळा पहिलं वाक्य "विजया यांचा जन्म" असं आलं. खोडून टाकलं. तुझं गाव, तुझं शिक्षण, पोस्टातली तुझी नोकरी, हे सगळं तुझ्या भावानं, मिलिंददादांनी, पेपरात दिलेल्या चौकटीत येऊन गेलं. चौकटीत न मावणारं एकच माझ्याकडे उरलंय, ते म्हणजे आपलं भांडण. ते अर्धं राहिलं. तुझी बाजू बरोबर होती हे मला आता कळलंय, आणि ते ऐकायला तू नाहीस.

अमरावतीच्या त्या कॉलेजातली संगणकांची खोली तुला आठवत असेल. आपल्या मुक्त ज्ञान गटाची तिथं पहिली बैठक होती. गट कसला, दर महिन्याच्या एका रविवारी जमणारे आठ-नऊ जण. जुनी पुस्तकं, कागद, फोटो स्कॅन करायचे आणि कोणालाही फुकट पाहता येतील असे इंटरनेटवर ठेवायचे, एवढंच काम. अकोल्याच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून कायदा मला थोडाफार ठाऊक, म्हणून फळ्यापाशी मी उभी होते. लेखक वारल्यावर साठ वर्षं त्याच्या लिखाणावर वारसांचा हक्क असतो, त्यानंतर ते सगळ्यांचं होतं, असं मी सांगत होते. मागच्या बाकावरून तू उठलीस.

"म्हंजे मानूस मेल्यावर साठ वर्षं त्याच्या पुस्तकाले कोनी हात लावाचा नाई?"

"तसं नाही. वारसांची परवानगी घेऊन लावता येतो."

"अन वारस सापडतच नसन तं?"

सगळे हसले. मी म्हटलं, चांगला प्रश्न आहे. मधल्या सुट्टीत चहाचा कप हातात घेऊन तू माझ्याजवळ आलीस आणि म्हणालीस, "मी धामनगावच्या पोस्टात हावो मॅडम. आमच्या सायबाले काई विचारलं अन ते 'चांगला प्रश्न हाये' म्हनले, का मी समजून जातो, याइले उत्तर येत नाई."

त्या दिवसापासून मी मॅडमची सुनंदा झाले. दोन वर्षं पुण्यात शिकून आलेली माझी भाषा तुला कधीच सहन झाली नाही. "अकोल्याची हायेस नं तू? मंग काऊन अशी कलफ लावल्यावानी बोलतेस?" म्हणायचीस. मी चिडायचे. तुझ्याशिवाय मला तसं कोणीच बोलत नव्हतं, हे आता जाणवतं.

मग शामरावजींचा स्टुडिओ निघाला. धामणगाव रेल्वेला स्टेशनच्या समोर त्यांनी तीस-पस्तीस वर्षं फोटो काढले. ते गेले, मुलं बाहेरगावी, आणि जागा विकायची ठरली. पोस्टात पेन्शन घ्यायला येणाऱ्या त्यांच्या बाईंनी तुला सहज विचारलं, निगेटिव्हची अकरा खोकी आहेत, रद्दीवाला घेईल का. तू त्याच दिवशी ऑटो करून ती खोकी घरी नेलीस आणि दुसऱ्या रविवारी दोन फेऱ्यांत अकोल्याला माझ्याकडे पोचवलीस. झाकण उघडलं तर आंबूस वास आला, व्हिनेगरसारखा. फिल्म सडायला लागली की तसा वास येतो हे मी तुला सांगितलं. तू विचारलंस, किती दिवस टिकतील? मी म्हटलं, आपल्याकडचा उन्हाळा बघता सांगता येत नाही.

आपण ते सगळं स्कॅन केलं. सुट्ट्यांमागून सुट्ट्या गेल्या. प्रत्येक निगेटिव्ह पातळ कागदाच्या पाकिटात, पाकिटावर शामरावजींच्या तिरप्या अक्षरात नाव आणि गाव. कापसाच्या गाडीवर उभा राहिलेला व्यापारी. लग्नाआधी दाखवायला म्हणून फोटो काढलेल्या मुली, सगळ्यांच्या हातात तीच प्लॅस्टिकची फुलं. कौंडण्यपूरच्या यात्रेहून परतलेलं कुटुंब, धुळीनं पांढरं झालेलं. तू पडद्याच्या इतकी जवळ जायचीस की मला काही दिसायचंच नाही. "हे पाय, हे पाय," म्हणायचीस. "याहिच्या घरात बी हा फोटो नसन आता."

आणि एक पाकीट, ज्याच्यावर नाव नाही, गाव नाही. फक्त "बायका, सहा".

सहा जणी, पांढऱ्याशुभ्र लुगड्यांत. तिघी खुर्च्यांवर, तिघी मागे उभ्या. एकीच्या मांडीवर कापडाची पिशवी. शामरावजींच्या बाईंना तेवढं आठवत होतं, की त्या नागपूरला दीक्षाभूमीवर निघाल्या होत्या, गाडीला वेळ होता, म्हणून समोर स्टुडिओ दिसला तर आत आल्या. फोटो न्यायला परत आल्याच नाहीत. तू तो पडद्यावर बराच वेळ ठेवलास. मी पुढचं पाकीट काढलं तर माझा हात धरलास.

"सुनंदा, बाप्या नाई कोनी संगं. सहा जनी मिळून फोटो काढाले आल्या. त्या काळात. इचार कर."

तुझ्या आईचा त्या वयातला एकही फोटो नाही, हे तू मला खूप नंतर सांगितलंस. त्या दिवशी फक्त म्हणालीस, हा पहिल्यांदा टाकू.

आणि मी नाही म्हटलं.

कायदा असा, की पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला तर त्याच्यावरचा हक्क काढून घेणाऱ्याचा. स्टुडिओवाल्याचाही नाही. म्हणजे अकरा खोक्यांतल्या प्रत्येक फोटोचा मालक वेगळा, आणि त्यातले बहुतेक आता कुठं आहेत, आहेत की नाहीत, कोणाला ठाऊक नाही. हे मी तुला समजावून सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "पयले टाकू. कोनी आलं भांडाले तं काढून टाकू. हात जोडू."

"असं नाही करता येत, विजू. आपण कायदा बदला म्हणून सरकारकडे जाणार आहोत. आपणच तो मोडला तर आपलं कोण ऐकेल?"

"मोडला नाई तं कोन ऐकून राहिलं?"

गटानं मत घेतलं तेव्हा सगळे माझ्या बाजूनं होते. आपल्या संग्रहात काय ठेवायचं आणि काय नाही याची नियमावली मीच लिहिली. मालक माहीत नसलेलं, परवानगी नसलेलं काहीही ठेवायचं नाही, असं पहिलंच कलम. तू एकटीनं हात वर केला नाहीस. पण नियम झाल्यावर तो पाळायला सगळ्यांत जास्त चालली कोण, तर तू. पोस्टातली बाई, पत्ते शोधणं तुझ्या अंगात. पाकिटावरचं नाव, गाव, छापलेला फोटो आणि परवानगीचा कागद घेऊन तू रविवारी, सुट्टीला, अर्ध्या रजेवर गावोगाव निघालीस. मी किती वेळा आले तुझ्याबरोबर? चार, फार तर पाच.

त्यातला वलगावचा दिवस मला विसरता येत नाही. मारोतराव म्हणून एक वयस्क शेतकरी, त्यांच्या बायकोचा फोटो होता, लग्नानंतरचा. तू तो त्यांच्या हातात दिलास. त्यांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, फोटो पाहिला, पुन्हा चष्मा पुसला. आत सुनेला हाक मारून म्हणाले, "पाय वं, तुई सासू." मग तू कागद पुढे केलास.

"या कागदावर सई केली तं काय होईन?" त्यांनी विचारलं.

"हा फोटो कोनालेबी पाहता येईन, बाबा. साऱ्या दुनियेले."

"साऱ्या दुनियेनं काऊन पाहावं तिले? तिनं मायासाठी काढला व्हता."

त्यांनी सही केली नाही. मला वाटलं, आता तू त्यांना समजावशील, इतिहास वगैरे सांगशील. तू कागद पिशवीत घातलास, फोटो त्यांच्याकडेच ठेवलास आणि सुनेच्या हातचा चहा पिऊन उठलीस. स्टँडवर मी म्हटलं, एवढी पायपीट फुकट गेली. तू माझ्यावर केवढी खेकसलीस! "फुकट काऊन? त्याहिनं नाई म्हनलं. त्याहिले नाई म्हनाचा हक्क हाये. मालक सापडला अन तो नाई म्हनला, तं मले काई दुख नाई. माह्यं दुख त्या सहा जनीइचं हाये. त्याहिले हो बी म्हनता येत नाई अन नाई बी म्हनता येत नाई."

ते वाक्य मी सरकारला द्यायच्या आपल्या निवेदनात घातलं, प्रमाण भाषेत. प्रमाण भाषेत ते मेलं. पण नेमकी मागणी तिथूनच निघाली. प्रामाणिकपणे शोध घेऊनही मालक सापडत नसेल, तर अशी जुनी पुस्तकं, फोटो, ध्वनिमुद्रणं ग्रंथालयांना आणि आपल्यासारख्या गटांना लोकांपुढे ठेवता यावीत, आणि मालक पुढे आला तर त्याच्या शब्दावर काढून टाकावीत. एवढं एक कलम. आत्ताच्या कायद्यात अशा गोष्टींसाठी वाट आहे, पण ती जाहिराती, वकील आणि कोर्टातून जाते, एकेका फोटोसाठी. धामणगावच्या पोस्टातल्या बाईनं ती कशी चालायची?

निवेदनावर सह्या घेतल्या, पाठवलं, स्मरणपत्रं पाठवली. आणि एक दिवस खरंच बोलावणं आलं. दिल्लीहून, व्हिडिओवर, कायदा तपासणारी सरकारी समिती सूचना पाठवणाऱ्यांचं म्हणणं ऐकून घेणार होती. आपल्याला पाच मिनिटं. गटात ठरलं की आधी दोन मिनिटं मी कायदा सांगायचा, मग तीन मिनिटं तू. तू त्या सहा जणींचा फोटो मोठा छापून घेतलास. काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहिलंस, हिंदीत, पोस्टातल्या मैत्रिणीकडून शुद्ध करून घेतलंस. निळी साडी नेसून आलीस, केसांना तेल लावून.

यावर आपण कधीच बोललो नाही, विजू. एकदाही नाही.

मी दोन मिनिटांत थांबले नाही. मला थांबता आलं असतं. समोर घड्याळ होतं. पण पडद्यावर ते मोठे लोक पहिल्यांदाच माझं ऐकत होते, एक जण मान हलवत होता, आणि मला वाटलं अजून एक मुद्दा, हा एवढा सांगितला की झालं. कलमांचे आकडे, दुसऱ्या देशांत काय आहे, काय नाही. शेजारी तू फोटो छातीशी उभा धरून बसली होतीस, कॅमेऱ्याकडे तोंड करून. मी "आता माझ्या सहकारी" एवढं म्हणाले आणि तिकडून आवाज आला, "आपका समय समाप्त हुआ, धन्यवाद." पडद्यावर दुसऱ्याच गावचे लोक आले.

तू फोटो हळूच टेबलावर पालथा ठेवलास. चिठ्ठीची घडी केलीस. मी म्हटलं, सॉरी विजू, वेळेचं लक्षातच राहिलं नाही. तू म्हणालीस, "जाऊ दे. चाल, गिला वडा खाऊ." आणि राजकमल चौकाकडे जाताना रस्ताभर तू तुझ्या साहेबांच्या नकला करून सगळ्यांना हसवत होतीस. मीही हसले. मला खरंच वाटलं की तुला काही वाटलं नाही. इतकं सोयीचं होतं ते वाटणं.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. "आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे." त्यानंतर काही नाही. एका बैठकीत तू विचारलंस, "नोंद कुठं घेतली असन? वहीत का पाटीवर?" पण त्या वेळी तुझा आवाज बारीक झाला होता आणि पाय सुजले होते. तू सांगितलंस, काउंटरवर बसून बसून होतं तसं.

मंगळवारी आणि शुक्रवारी तू फोन उचलायची नाहीस. पोस्टात काम आहे म्हणायचीस. डिसेंबरात एका मंगळवारी चुकून उचललास. मागे काहीतरी पीं पीं करत होतं.

"काय वाजतंय गं तिकडे?"

"मशीन."

"कसली मशीन?"

"रक्त धुवाची."

आणि हसलीस. चार महिन्यांपासून तुझं डायलिसिस चालू होतं. आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतंस. पूर्णाकाठचं तुझं गाव, खारपाणपट्ट्यातलं. लहानपणापासून विहिरीचं खारट पाणी प्यालीस. तुझे काका किडनीच्या दुखण्यानंच गेले होते, चुलतबहीण त्यातच. तुला आजाराचं नाव माहीत होतं, शेवटही माहीत होता. मला रागच आला. कोणाचा, ते ठरवता येईना.

त्या शुक्रवारी मी अमरावतीला दवाखान्यात आले. तुझा डावा हात नळ्यांत बांधलेला, आणि उजव्या हातात मोबाईल. मांडीवर वही. तू पलंगावर पडून सरपंचांना, आशा सेविकांना, विहारात बसणाऱ्या म्हाताऱ्यांना फोन लावत होतीस. तुमच्या गावच्या सहा जणी, बऱ्याच वर्षांमागं, पांढरी लुगडी, धामणगावहून नागपूरची गाडी. वहीत गावांची नावं होती आणि पुढे बारीक रेघा. रेघ म्हणजे नाही. पानं भरली होती रेघांनी.

"फोनवर कसं सांगतेस त्यांना?" मी विचारलं. "फोटो पाहिल्याशिवाय कोण ओळखणार?"

तू वही बंद केलीस. माझ्याकडे नीट पाहिलंस.

"तेच तं सांगून राहिली मी तुले. दाखवल्याबिगर कोनी ओळखत नाई. अन ओळखल्याबिगर तू दाखवू देत नाई. सुनंदा, टाक तो फोटो. नाव नको लावू, काई नको लावू. खाली लिही, याहिले कोनी ओळखते का. बस. माह्यं ऐक एकडाव."

मी म्हटलं, समितीचा अहवाल येऊ दे. नियमाला एकदा अपवाद केला की रोज कोणीतरी अपवाद मागेल. आपल्या गटाचं नाव खराब होईल.

"अहवाल मायासाठी थांबन का व?"

"विजू," मी म्हणाले, "तू आजारी आहेस म्हणून माझ्यावर दबाव आणू नकोस."

हे मी बोलले. तुला, त्या पलंगावर. शेजारच्या पलंगावरच्या बाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तू खिडकीकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "बरं."

त्यानंतर आपण दहा-बारा वेळा तरी बोललो. तू माझ्या मुलीची परीक्षा विचारलीस. मी हिमोग्लोबिन विचारलं. सहा जणींचा विषय तू पुन्हा काढला नाहीस, आणि मला वाटलं तुला माझं पटलं. शेवटचा फोन मी केला तेव्हा तू पहिल्यांदाच दमलीस म्हणून मधेच ठेवलास. "रविवारी बोलू," म्हणालीस. शनिवारी सकाळी मिलिंददादांचा फोन आला.

धामणगावला पोचले तेव्हा तुला पांढऱ्या साडीत ठेवलं होतं. पोस्टातले सगळे आले होते. गावोगावचे लोकही आले होते, ज्यांच्या घरी तू फोटो घेऊन गेली होतीस. एका बाईनं मला विचारलं, तुमी त्याच का, फोटोवाल्या बाईच्या संगच्या? मी हो म्हटलं. ती म्हणाली, आमच्या बापाचा फोटो त्याहिनंच आनून देला, आमच्यापाशी एकबी नव्हता. मी तिचे हात धरले. भंतेजींचं त्रिशरण, पंचशील झालं. मिलिंददादा मला म्हणाले, "ती तुमचं लय नाव घे. म्हने, सुनंदा लय हुशार हाये, कायदा बदलूनच ऱ्हाईन." तू त्यांना ते पाच मिनिटांचं सांगितलंच नव्हतंस. मी तिथं खाली बसले, विजू.

पाचव्या दिवशी मी ग्रंथालयातलं कपाट उघडलं, डिस्क लावली आणि तो फोटो संग्रहात चढवला. माझ्या नावानं. खाली लिहिलं, धामणगाव रेल्वे, सहा स्त्रिया, यांना कोणी ओळखतं का. मनात म्हटलं, घे, ऐकलं तुझं. मला त्यात थोडं समाधानही वाटलं असेल, आणि त्याचीच आता जास्त लाज वाटते. मेलेल्या माणसाचं ऐकणं किती सोपं असतं.

दोन दिवसांनी आपल्याच गटातल्या एकानं तो काढून टाकला. त्याचं काही चुकलं नाही. त्याला माहीतही नव्हतं की मी कोणत्या अवस्थेत तो टाकला. कारण म्हणून त्यानं नियमावलीचं पहिलं कलम जोडलं होतं. माझंच कलम, माझ्याच शब्दांत.

मला वाटलं, संपलं. आता लिहून टाकावं, की विजूनं सुरू केलेलं काम आम्ही पुढे नेऊ, लोक लिहितात तसं. पण पुढे काय नेणार? बाराशे-पंधराशे माणसं त्या डिस्कवर आहेत आणि डिस्क कुलपात आहे. मूळ फिल्म एकमेकींना चिकटायला लागल्यात. परवा तीन खोक्यांतल्या वेगळ्या करायला गेले तर चेहरे निघून हाताला लागले. दिल्लीहून काही येणार नाही. आलं तरी सांगायला तू नाहीस, आणि तुझ्याशिवाय दारोदार जाणारं आमच्यात कोणी नाही. मी तर नाहीच. मला फक्त निवेदनं लिहिता येतात.

काल दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मूर्तिजापूरकडच्या एका गावातून, संगीता म्हणून एक बाई. बचत गटाच्या व्हॉट्सॲपवर कोणीतरी तो फोटो पाठवला होता, काढून टाकायच्या आधीच कोणी तरी उतरवून घेतलेला. खाली माझं नाव होतं म्हणून तिनं नंबर शोधून काढला.

"मॅडम, मागच्या रांगेत उजवीकडची हाये नं, ते माही आजी. गिरजाबाई. कपायावरचं गोंदन दिसून राहिलं पाहा."

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. विजू, मी मोठ्यानं तुझं नाव घेतलं. ग्रंथालयातली पोरं माझ्याकडे बघायला लागली.

"आणि बाकीच्या? बाकीच्या पाच जणी कोण?" मी विचारलं.

"ते तं आजीलेच ठाऊक. ते सांगे, आमी सहा जनी नागपूरले गेलो, धामनगावले गाडी बदलाले उतरलो तं फोटो काढला, पन परत येताना गाडी तिथं थांबलीच नाई. लय वेळा सांगे. आमाले कोनाले खरंच वाटे नाई. नावंबी सांगे सहाईच्या सहा. आमी ध्यानात नाई ठेवले."

"आजी..."

"सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी गेली. नव्वदीची व्हती, पन डोये चांगले, डोकं बी शाबूत. फोटो पाहाला असता तं एकेकीवर बोट ठेवून सांगतलं असतं तिनं."

तू मला डिसेंबरात सांगितलं होतंस.

मग संगीता म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? तुमच्यापाशी हा फोटो कवापासून व्हता?"

"झाली तीन वर्षं."

"मंग तुमी आधी काऊन नाई टाकला?"

"परवानगी नव्हती," मी म्हणाले.

"कोनाची?"

चांगली बाई होती, रागानं विचारत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.